न्यूग्रेंज बघायला जाताय? पांढऱ्या भिंतीवर भुलू नका

डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांकडे उन्हाळ्यात आई-बाबा येतात, सासू-सासरे येतात, आणि मग एका शनिवारी सगळे गाडीत बसून न्यूग्रेंजला जातात आणि संध्याकाळी परत येऊन म्हणतात, छान होतं पण एवढंच? मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी हेच म्हणाले होते. त्यानंतर पाहुण्यांच्या निमित्ताने चार-पाचदा जाणं झालं आणि हळूहळू कळलं की चूक जागेची नाही, आपण बघतो चुकीचं. म्हणून हे लिहितेय, म्हणजे तुमची पहिलीच फेरी सत्कारणी लागेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी, न्यूग्रेंज म्हणजे आयर्लंडच्या मीथ काउंटीत बॉइन नदीच्या वळणावर असलेलं एक मोठं गोल टेकाड. माणसांनी रचलेलं, साधारण इ.स.पू. ३२०० च्या सुमारास. म्हणजे इजिप्तचा गिझाचा मोठा पिरॅमिड व्हायला अजून सहाशे वर्षं होती आणि आपल्याकडे हडप्पा-मोहेंजोदडोची आखीव शहरंही उभी राहायची होती. व्यास ८५ मीटरच्या आसपास, उंची १२-१३ मीटर, जागा एक एकराहून जास्त. कडेने ९७ मोठाले दगड आडवे लावलेत, आत जायला १९ मीटरचा दगडी बोळ आणि बोळाच्या शेवटी एक खोली. त्या खोलीला मी सरळ गाभाराच म्हणणार आहे कारण दुसरा शब्द मला सुचत नाही आणि आत उभं राहिल्यावर तुम्हालाही सुचणार नाही. बांधणारे लोक शेतकरी होते, धातू माहीत नव्हता, हत्यारं सगळी दगडाची.

आता आधी जाण्याचं बघू, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते.

पहिली गोष्ट, गुगल मॅप्सला नुसतं न्यूग्रेंज टाकू नका. आम्ही टाकलं होतं आणि त्याने आम्हाला नदीच्या उत्तरेला थेट त्या टेकाडाच्या कुंपणाशी नेऊन सोडलं, समोर ते दिसतंय, गेट आहे, पण आत सोडत नाहीत, कारण तिकीट आणि प्रवेश फक्त व्हिजिटर सेंटरमधून आणि ते नदीच्या दक्षिणेला डोनोर गावाजवळ. मग पुन्हा वळसा घालून पलीकडे, तोपर्यंत आमचा स्लॉट गेलेला आणि गाडीत सासूबाईंचं मौन. तर मॅपमध्ये ब्रू ना बोइन्य व्हिजिटर सेंटर शोधा. डब्लिनपासून एम-वन हायवेने साधारण ५० किलोमीटर आहे, पाऊण-एक तास धरा. गाडी नसेल तर ट्रेनने किंवा बसने ड्रॉहेडा आणि तिथून पुढे लोकल बस किंवा टॅक्सी, पण बसच्या वेळा आधी नीट बघा, रविवारी तर विशेष.

दुसरी, बुकिंग ऑनलाइन आणि आधी. जून ते ऑगस्ट मध्ये तर तारीख ठरली की लगेच, आदल्या दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि तिकीट घेताना डोळे उघडे ठेवून घ्या, कारण तिकिटांचे प्रकार आहेत, नुसतं प्रदर्शन, न्यूग्रेंज आत जाऊन, शेजारच्या नाऊथ नावाच्या टेकाडासकट वगैरे. तुम्हाला न्यूग्रेंजच्या आत, म्हणजे त्या गाभाऱ्यात जायचंय, तेच तिकीट हवं, बाहेरून बघून परत यायचं असेल तर खरंच घरी बसा. ओपीडब्ल्यूचं, म्हणजे ही जागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं, हेरिटेज कार्ड असेल तर पैसे वाचतात पण स्लॉट तरीही बुक करावा लागतो.

तिसरी, वेळ. सेंटरवरून एक पादचारी पूल ओलांडून नदीपलीकडे जायचं, तिथून त्यांची शटल बस, मग गाइड. सगळं मिळून अर्धा दिवस गेला असं समजून चाला. तिकिटावरच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोचा. बाथरूमचं काय ते सेंटरवरच उरकून घ्या, विशेषतः मुलं आणि म्हातारी माणसं. छत्री नको, टेकडीवर वारा असतो, उलटी होऊन हातात काड्या राहतात, रेनकोट घ्या. भर जुलैतही घ्या.

आणि गुडघ्यांचं. आत बोळ अरुंद आहे, दोन ठिकाणी वाकून आणि अंग चोरून जावं लागतं, मोठी बॅग असेल तर काढून हातात धरायला लागते. व्हीलचेअर आत जात नाही. ज्यांना बंद जागेत घाबरायला होतं त्यांनी गाइडला आधी सांगावं, म्हणजे शेवटी आत जाऊन पहिलं बाहेर पडता येतं. माझ्या बाबांचं पोट जरा मोठं आहे, ते गेले, आडवे होऊन गेले पण गेले.

बरं आता बसमधून उतरलात. समोर दिसते ती झगझगीत पांढरी भिंत, गारगोटीची, मध्ये मध्ये काळे-करडे गोटे. सगळे मोबाइल काढतात. काढा फोटो, पण हे लक्षात असू द्या की ही भिंत अशी उभी आहे ती १९७० च्या दशकात. कॉर्कच्या युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मायकल ओ'केली यांनी १९६२ ते १९७५ इथे उत्खनन केलं, त्यांना दाराच्या बाहेर जमिनीवर गारगोटीचा थर पडलेला सापडला आणि त्यांनी हिशोब मांडला की ही भिंत असणार आणि ती कोसळली असणार, म्हणून ती परत उभी केली, मागे काँक्रीटचा आधार देऊन. बऱ्याच पुरातत्त्ववाल्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढी उभी भिंत त्या काळात काँक्रीटशिवाय राहिलीच नसती, गारगोटी दारापुढच्या अंगणात अंथरलेली असणार. गंमत म्हणजे शेजारच्या नाऊथला जॉर्ज ओगन यांनी खोदकाम केलं आणि तिथे त्यांनी ती गारगोटी जमिनीवरच ठेवली. म्हणजे एकाच काळातली दोन टेकाडं, हाकेच्या अंतरावर, एकीकडे गारगोटी भिंतीवर आणि दुसरीकडे अंगणात, दोन्ही प्रोफेसर आपापल्या जागी ठाम. दोन्ही बघायला मिळाली तर स्वतःच ठरवा, मी अंगणवाल्यांच्या बाजूने आहे.

गारगोटी मात्र अस्सल जुनी, आणि ती इथली नाहीच, दक्षिणेला विकलोच्या डोंगरांतून आलीय. ते काळसर गोटे उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे. चाक नाही, घोडा नाही, म्हणजे होडीने आणि माणसांच्या खांद्यावरून. इथे दोन मिनिटं थांबून त्याचा विचार करा, भिंत सरळ की वाकडी हे नंतर.

मग भिंतीकडे पाठ करा. खरंच, पूर्ण मागे वळा. तुमच्यासमोर उतार, खाली बॉइन, पलीकडे एक लांबट टेकडी. २१ डिसेंबरच्या सकाळी सूर्य त्या टेकडीच्या मागून वर येतो आणि हे सगळं प्रकरण त्या एका बिंदूकडे तोंड करून बांधलेलं आहे. ही दिशा डोक्यात पक्की बसवा कारण आत गेल्यावर ती कळत नाही.

परत वळा आणि आता दाराकडे बघा. दारापुढे आडवा पडलेला मोठा दगड आहे, उंबऱ्यासारखा, त्यावर कोरलेली वेटोळी. आयर्लंडच्या टी-शर्टवर, चहाच्या कपावर, कानातल्यांत सगळीकडे दिसतं ते नक्षीकाम इथलं. त्याच्या मधोमध एक उभी रेघ आहे ती शोधा, ती बरोबर दाराच्या मध्याशी जुळते. लाकडी पायऱ्या आहेत म्हणून आपण त्या दगडाच्या बाजूने चढून जातो, पूर्वी लोक थेट त्यावरून चढत असत. वेटोळ्यांचा अर्थ काय असं गाइडला विचारू नका, म्हणजे विचारा, पण उत्तर येणार की कोणालाच माहीत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दाराच्या वर दुसरी एक चौकट दिसेल, झरोक्यासारखी. सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही आणि निम्मे लोक तिच्याखालून वर न बघता आत जातात. हिचं काम पुढे सांगते.

आत शिरलात की एक गोष्ट करा, पायांकडे लक्ष द्या. जमीन चढत जाते. अगदी हळू, पण दारापासून गाभाऱ्यापर्यंत जवळजवळ दोन मीटर. म्हणजे तुम्ही गाभाऱ्यात पोचता तेव्हा तुमचे पाय जवळपास त्या झरोक्याच्या उंचीला आलेले असतात. सगळी मेख इथे आहे. नुसतं दार असतं तर सकाळचा उजेड बोळात थोडा आत येऊन चढाला अडकला असता. झरोक्यातून येणारा किरण मात्र आडवा, सपाट, सरळ गाभाऱ्याच्या जमिनीवर जातो. दार माणसांसाठी आणि झरोका सूर्यासाठी असं म्हणा. झरोका बंद करायला गारगोटीचे ठोकळे होते आणि ते सरकवल्याच्या खुणा खालच्या दगडावर सापडल्यात, म्हणजे हे पुन्हा पुन्हा उघडत-मिटत होते.

आपल्या लोकांना मी हे एका वाक्यात समजावते, कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव. तिकडे मावळतीची किरणं पश्चिमेकडून येऊन देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात, जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये. इकडे उगवतीची, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आगेमागे. हे सांगितलं की आई लगेच "अच्छा!" म्हणाली, त्याआधी गाइड वीस मिनिटं बोलत होता ते तिने नुसतं मान डोलवत ऐकलं होतं.

गाभाऱ्यात पोचलात की सगळे खाली-समोर बघतात, तुम्ही आधी वर बघा. छत सहा मीटर उंच. कमान नाही, चुना नाही, मोठमोठ्या शिळा एकावर एक, प्रत्येक वरची खालचीपेक्षा थोडी पुढे सरकवलेली, असं करत करत शेवटी एका दगडाने तोंड बंद. हेमाडपंती देवळात छताखाली उभं राहून मान वर केली असेल तर ही युक्ती ओळखीची वाटेल. आणि ते गळत नाही. पाच हजार वर्षं, आयर्लंडच्या पावसात. छताच्या शिळांवर वरच्या बाजूने पन्हळी कोरल्यात पाणी बाजूला काढायला आणि फटी जळकी माती आणि समुद्राच्या वाळूने बुजवल्यात, त्याच जळक्या मातीतल्या कोळशावरून तर बांधकामाचा काळ काढता आला. पुण्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला दर दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंग लागतं, त्या माणसाला इथे आणून उभं करावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मग तीन बाजूंचे तीन कोनाडे बघा. मोठे आहेत, आत दगडाच्या उथळ परातीसारख्या वस्तू आहेत, त्यांत मृतांची राख-हाडं ठेवली असावीत. उत्खननात इथे निदान पाच माणसांचे अवशेष मिळाले, काही जाळलेले, काही न जाळलेले, सोबत हाडाच्या पिना, मणी, दगडाच्या गोट्या. एवढ्या मोठ्या बांधकामात पाचच? बाकीचे काढून नेले, विस्कटले की ठेवलेच थोडे, यावर वाद आहे. समोरच्या कोनाड्यात उजवीकडे तीन वेटोळ्यांचं एकत्र चिन्ह आहे, हात लावू नका पण जवळ जाऊन बघा. भिंतींवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पर्यटकांनी स्वतःची नावंही कोरून ठेवलीत. किल्ल्यांवर बदाम काढणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही तर.

उभं राहताना मधल्या रेषेत उभं राहू नका, गाइड तसंही बाजूला करतो. मागच्या कोनाड्याजवळ जागा मिळाली तर उत्तम, तिथून पूर्ण बोळ दिसतो. मग गाइड सांगून लाइट बंद करतो. आता मोबाइल खिशात, स्मार्टवॉचवर हात. फोटो आत काढू देत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. काळोख म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला इथे कळतं, डोळे उघडे आहेत की मिटलेत हेच समजत नाही. मग बोळाच्या टोकाकडून एक पिवळट रेघ जमिनीवर हळूहळू सरकत येते. बल्बचा उजेड आहे, माहीत असतं, तरी आमच्या ग्रुपमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही, आणि त्यात आमचा सहा वर्षांचा कार्टाही होता.

खरी गोष्ट डिसेंबरमध्ये. आकाश स्वच्छ असेल तर सकाळी ८:५८ च्या सुमारास किरण आत येतो आणि १७ मिनिटं राहतो. बांधलं तेव्हा सूर्य उगवल्या क्षणीच यायचा, आता चारेक मिनिटं उशिरा येतो आणि मागच्या भिंतीपर्यंत पूर्ण पोचत नाही, कारण मधल्या पाच हजार वर्षांत पृथ्वीच्या आसाचा कल थोडा बदललाय. म्हणजे बांधणारे चुकले नाहीत, पृथ्वी सरकली. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत होते की वर्षातून एकदा आत उजेड पडतो, शिकलेले लोक म्हणायचे इंग्लंडमधल्या स्टोनहेंजशी गल्लत करताय. ओ'केली मात्र १९६७ च्या २१ डिसेंबरला पहाटे स्वतः आत जाऊन बसले आणि उजेड आला.

तेव्हा आत जायचं असेल तर लॉटरी आहे. फुकट आहे, अर्ज करायचा, हजारो लोक करतात, शरद ऋतूत स्थानिक शाळांतली मुलं चिठ्ठ्या काढतात आणि मोजक्या लोकांना मिळतं. मिळालं तरी ढग आले की संपलं, सूर्याची गॅरंटी कोणी देत नाही. मी दर वर्षी भरते, अजून नाव आलेलं नाही. लॉटरी नसतानाही त्या सकाळी बाहेर गर्दी जमते, अंधारात थर्मास घेऊन उभे राहतात लोक, ते एकदा करण्यासारखं आहे, दोन स्वेटर घाला. २०२० मध्ये कोविडमुळे आत कुणालाच सोडलं नव्हतं तेव्हा लाइव्ह स्ट्रीम केलं होतं. स्ट्रीम असेल त्या वर्षी भारतातल्या घरच्यांना लिंक पाठवा, तिकडे दुपारचे साधारण अडीच वाजलेले असतात, जेवून निवांत बघता येतं.

थोडं गॉसिपही सांगते कारण गाइड कधी सांगतो कधी नाही. २०२० मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या टीमने इथल्या एका पुरुषाच्या हाडांचा डीएनए तपासला आणि निघालं की त्याचे आई-वडील अगदी सख्ख्या नात्यातले होते, भाऊ-बहीण किंवा मग आई-मुलगा, बाप-लेक असं काही. संशोधकांनी अंदाज बांधला की इजिप्तच्या फेरो राजांसारखं, घरातल्या घरात लग्नं करणारं राजघराणं असेल. यावरही आक्षेप आहेत, एका सांगाड्यावरून घराणं कसं ठरवता म्हणून. पण डोक्याला झिणझिण्या आणणारी बाब वेगळी आहे. शेजारच्या डाउथ टेकाडाबद्दल मध्ययुगात लिहून ठेवलेली एक आयरिश कथा आहे, राजा एका दिवसात मनोरा बांधायला घेतो, त्याची बहीण मंत्राने सूर्य थांबवते, राजा बहिणीशी संबंध ठेवतो, मंत्र मोडतो आणि अंधार पडतो. डाउथच्या मूळ नावाचा अर्थच अंधार. योगायोग असेल. मी काही म्हणत नाही.

नावांवरून आठवलं, बॉइन नदी ही बोअन नावाच्या देवीवरून, आणि त्या नावाचा अर्थ पांढरी गाय असा सांगतात. आयरिशमधला बो आणि आपला गो हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज. आणि गोदावरीच्या गोष्टीतही गौतम ऋषी आणि गाय आहेच की. बाबांना हे एवढं आवडलं की त्यांनी परतीच्या बसमध्ये शेजारच्या जर्मन माणसाला सांगितलं.

वेळ आणि तिकीट असेल तर नाऊथ सोडू नका, माझ्या मते कोरीव कामासाठी नाऊथच भारी. तिथे आतल्या बोळात सोडत नाहीत, पण बाहेरचे कडेचे दगड एकेक करून फिरून बघता येतात, चंद्रकोरी, वेटोळी, नागमोडी रेघा, पश्चिम युरोपातल्या अशा दगडी नक्षीतला फार मोठा हिस्सा एकट्या या टेकाडात आहे. दोन बोळ आहेत, एक पूर्वेकडून एक पश्चिमेकडून, भोवती लहान टेकाडांची पिल्लावळ. वर चढून जाता येतं, मुलांना तेच सगळ्यात आवडतं. हिवाळ्यात टूर कमी असतात, आधी बघून घ्या. आतून सापडलेला चकमकीच्या दगडाचा कोरीव गदेचा माथा डब्लिनमध्ये किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, प्रवेश फुकट, पावसाळी रविवारसाठी ठेवा.

एक इशारा, विदर्भातून आलेले पाहुणे हमखास विचारतात की आमच्याकडच्या जुनापाणीच्या दगडी वर्तुळांसारखंच हे का? नागपूरजवळच्या जुनापाणीला, माहूरझरीला मृतांसाठी रचलेली दगडांची वर्तुळं आहेत आणि तीही जरूर बघावीत, पण ती लोहयुगातली, न्यूग्रेंजच्या दोन हजार वर्षांहून जास्त नंतरची, आणि त्यांत असा चालत आत जायचा बोळ नाही. मृतांसाठी दगड रचणं जगभर आहे, त्यावरून लगेच नातं जोडायला नको.

आणि सगळं झाल्यावर, पाय शिल्लक असतील तर डाउथला जा. तिकीट नाही, गाइड नाही, गर्दी नाही. रस्त्याकडेला गाडी लावायची आणि गवतातून टेकाडाभोवती फेरी मारायची. आत जाता येत नाही. मधोमध मोठा खड्डा आहे, एकोणिसाव्या शतकात थडगी शोधणाऱ्यांनी अर्धवट उकरून सोडलेला. त्याची डागडुजी कोणी केली नाही, पांढरी भिंत कोणी उभारली नाही, त्यामुळे ओ'केलींच्या आधी न्यूग्रेंज कसं दिसत असेल त्याचा अंदाज इथे येतो. इथला एक बोळ मावळतीकडे तोंड करून आहे, त्याच डिसेंबरच्या दिवसांत दुपारनंतर सूर्य आत जातो. आम्ही गेलो तेव्हा वर मेंढ्या चरत होत्या, सासूबाईंनी डब्यातलं थालीपीठ काढलं, आणि गाडीत धरलेलं मौन शेवटी तिथे सुटलं.